उसाच्या ट्रॉलीचा बाजूचा दिवा फुटला, बदलायचा कोणी?

कोल्हापूर : गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रस्त्यांची रात्र बदलते. कुडित्र्याला कुंभी-कासारी, परिते इथं भोगावती, बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा, कागलला शाहू, हुपरीला जवाहर, शिरोळला दत्त, कसबा बावड्याला राजाराम. प्रत्येक कारखान्याच्या वाटेवर रात्रंदिवस उसाची वाहनं. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक, अंगद, बैलगाड्या. त्याच रस्त्यावरून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर दुचाकीवरून घरी येतात. पहाटे डेअरीला दूध घालायला जाणारेही तिथंच.

दरवर्षी हंगामात अपघाताच्या बातम्या येतात आणि बहुतेकदा वाक्य ठरलेलं असतं : "अंधारात ट्रॉली दिसली नाही." मग दोन दिवस रिफ्लेक्टरची चर्चा होते, पट्ट्या चिकटवल्या जातात, फोटो निघतात. पण या चर्चेत एक गोष्ट सुटते. बऱ्याच ट्रॉल्यांना दिवे लावलेले असतात. ते हंगामात फुटतात, तुटतात, त्यांची वायर लोंबकळते. आणि एकदा गेलेला दिवा परत बसत नाही. प्रश्न दिवा लावण्याचा कमी आणि बदलण्याचा जास्त आहे.

मागचा नव्हे, बाजूचा दिवा

ट्रॉलीच्या दिव्यांची चर्चा झाली की सगळे मागच्या लाल दिव्याबद्दल बोलतात. तो पाहिजेच. पण ऊस वाहतुकीत बाजूचा दिवा तितकाच कामाचा आहे. कारण ट्रॅक्टर दर खेपेला पाणंदीतून मुख्य रस्त्यावर येतो आणि वळतो. त्या वेळी समोरून येणाऱ्याला ना ट्रॅक्टरचा हेडलाइट दिसतो, ना ट्रॉलीचा मागचा दिवा. त्याच्यापुढं असते ती फक्त ट्रॉलीची बाजू, म्हणजे काळोखात उभी राहिलेली उसाची भिंत.

हिशोब करून बघितला तर धोका लक्षात येतो. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी साधारण १५ मीटरच्या आसपास होते. रस्ता ७ मीटर रुंद धरला तर शेवटची ट्रॉली बाजूला होईपर्यंत ट्रॅक्टरला २२ मीटर पुढं जावं लागतं. भरलेला ट्रॅक्टर वळताना ताशी १० किलोमीटरनं गेला, तरी याला ८ सेकंद लागतात. चढ असेल, वेग निम्मा असेल तर १६ सेकंद. ताशी ६० किलोमीटरनं येणारी दुचाकी ८ सेकंदांत १३० मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावर आला तेव्हा जो दुचाकीस्वार लांब होता, तो शेवटची ट्रॉली आडवी असतानाच तिथं पोचतो. पुढून ट्रॅक्टर गेलेला त्याला दिसतो, रस्ता मोकळा झाला असं वाटतं, आणि मागची दुसरी ट्रॉली अंधारात आडवी असते.

दुचाकीचा हेडलाइट डिपरवर असेल तर तीस-चाळीस मीटरच्या पुढचं नीट दिसत नाही. ६० च्या वेगात माणसाला धोका कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच २५ ते ३० मीटर जातात. त्यानंतर गाडी थांबायला आणखी तेवढंच अंतर लागतं. म्हणजे नुसत्या हेडलाइटच्या भरवशावर ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीनं स्वतः आपण इथं आहोत हे लांबून दाखवलं, तरच समोरचा वाचतो.

रेडियम पुरेसं नाही, दिवाही पुरेसा नाही

गावाकडं चकाकणाऱ्या पट्टीला सरसकट रेडियम म्हणतात. या पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. तिच्यावर पडलेला उजेड ती आला त्या दिशेनं परत पाठवते. त्यामुळं समोरून सरळ उजेड पडला तर पट्टी छान चमकते. पण ट्रॉली वळणावर तिरकी असेल, समोरच्याचा हेडलाइट कमजोर असेल, पट्टीवर चिखल-धूळ बसली असेल किंवा वरून उसाचा पाला लोंबत असेल, तर तीच पट्टी असून नसल्यासारखी. हंगाम निम्म्यावर आला की बऱ्याच ट्रॉल्यांच्या पट्ट्यांची हीच गत झालेली दिसते.

दिव्याचं उलट आहे. तो स्वतः उजेड देतो, समोरच्याच्या हेडलाइटवर अवलंबून नसतो. पण वायर तुटली, बॅटरी उतरली की गेला. म्हणून दोन्ही लागतात. अमेरिकेत हा धडा मोटारींच्या बाबतीत पन्नास वर्षांपूर्वीच घेतला गेला. तिथं १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना बाजूचा दिवा किंवा बाजूचा रिफ्लेक्टर सक्तीचा झाला. दोन वर्षांतच, १९७० पासून, नियम बदलून दोन्ही सक्तीचे केले. दिवा बंद पडला तर रिफ्लेक्टर आहे, रिफ्लेक्टरवर उजेड पडला नाही तर दिवा आहे, एवढा साधा विचार त्यामागं आहे. युरोपच्या नियमात ६ मीटरपेक्षा लांब वाहनाला बाजूचे दिवे लागतात. आपल्याकडच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची लांबी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त भरते.

कायदा काय म्हणतो

"ट्रॉली म्हणजे काय गाडी हाय का?" असं बरेच जण सहज म्हणतात. कायद्यानं ती गाडीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०४ रिफ्लेक्टरबद्दल आणि नियम १०५ दिव्यांबद्दल आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असं नियम सांगतो. वर केलेला १३० मीटरचा हिशोब बघितला तर हे अंतर उगाच ठरवलेलं नाही, हे पटतं.

रंगाचाही नियम आहे. पुढं पांढरी पट्टी, बाजूला पिवळी, मागं लाल. पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा चालत नाही. रिव्हर्सचा, नंबरप्लेटचा आणि वळण्याचा दिवा याला अपवाद. रात्री माणूस रंगावरून अंदाज बांधतो. लाल दिसलं की गाडी आपल्याकडं पाठ करून आहे, पिवळं दिसलं की ती आडवी आहे किंवा वळते आहे. हौसेनं ट्रॉलीला निळे, हिरवे, लुकलुकणारे दिवे लावले की हा अंदाजच चुकतो. ट्रॉली सजलेली दिसते, पण ती कुठल्या दिशेला आहे हे समोरच्याला कळत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहनाच्या बाजूनं, मागून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर माल आला तर २०,००० रुपये दंड आणि जादा माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद कायद्यात आहे. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस यातच मोडतो. तोच ऊस दिवे आणि पट्ट्या झाकतो, हे वेगळं सांगायला नको.

अपघातात माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आहे. जुन्या दंडविधानात ती दोन वर्षे होती. भरपाईच्या दाव्यातही ट्रॉलीचे दिवे चालू होते की नाही, पट्टी होती की नाही, यावरून कोणाचा दोष किती हे ठरतं. दिवा नसला तर नुकसान फक्त धडकणाऱ्याचं होतं असं नाही. ट्रॅक्टर मालकाचं घरही कोर्टाच्या पायऱ्या चढतं.

दिवा फुटतो कुठं?

दिवा का टिकत नाही, हे फडात आणि कारखान्याच्या यार्डात बघितलं की कळतं. फडात एका वेळी एकच ट्रॉली आत घेतात. त्यासाठी दुसरी ट्रॉली रस्त्याकडेला सोडतात, तेव्हा दोन ट्रॉल्यांमधली वायर काढावी लागते. भरल्यावर घाई असते. पिन घातली जाते, वायर जोडायची राहते. ती जमिनीवर घासत जाते किंवा चाकाखाली सापडते. बांधावरून, सरीवरून ट्रॉली काढताना बाजूचा दिवा घासतो. मोळ्या रचताना त्याच्यावर आपटतात. गव्हाणीवर ऊस उतरवताना साखळी आणि ऊस दोन्ही फळीवरून घसरतात. फळीवर लावलेला प्लास्टिकचा दिवा तिथं किती दिवस टिकणार?

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रिकाम्या ट्रॉलीकडं कोणी बघत नाही. भरलेली खेप निदान कारखान्याच्या गेटवर चार जणांच्या नजरेखालून जाते. पण रात्री ऊस खाली करून परत फडाकडं निघालेली रिकामी ट्रॉली वेगात असते, वायर जोडलेली नसते आणि तिच्या मागं बांधलेलं लाल कापडही उसाबरोबर यार्डातच राहिलेलं असतं.

जबाबदारी वाटली गेली आणि हरवली

फुटलेला दिवा बदलायचा कोणी, असं विचारलं तर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं जातं. चालक म्हणतो, ट्रॉली मालकाची. मालक म्हणतो, गाडी चोवीस तास चालकाच्या ताब्यात, त्यानं सांगायला नको का? कारखाना म्हणतो, आम्ही हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या दिल्या. परिवहन विभाग कारखान्यावर येऊन रिफ्लेक्टर लावतो, जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं. पोलीस महामार्गावर तपासणी करतात, पण पाणंदीच्या तोंडाला कोण उभं राहणार?

यात कोणी एकटा वाईट आहे असं नाही. खेपेवर पैसे मिळतात, त्यामुळं चालकाला थांबायला परवडत नाही. तोडलेला ऊस वेळेत गेला नाही तर वजन घटतं आणि उतारा बसतो, त्यामुळं कारखान्यालाही गाडी अडवायची नसते. ज्याचा ऊस आहे तो शेतकरी तोडीसाठी महिनाभर चिटबॉयच्या मागं फिरलेला असतो. आता भरलेली ट्रॉली दिव्यासाठी थांबवा, असं तो म्हणणार नाही. "एवढी खेप जाऊ दे, उद्या बघू की," यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि हा उद्या हंगाम संपेपर्यंत येत नाही.

पण याच शेतकऱ्याचा पोरगा रात्री एमआयडीसीतून त्याच रस्त्यानं घरी येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि एकूण मृतांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. म्हणजे जो जातो तो बहुतेकदा गावाकडचा आणि दुचाकीवरचा. ट्रॉली ज्या घरातून निघते, तशाच घरातला.

खर्च किती, काम किती?

बाजूचा एलईडी दिवा शे-दोनशे रुपयांच्या आत मिळतो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, त्यामुळं दिवाही १२ व्होल्टचाच घ्यायचा. ट्रकसाठीचा २४ व्होल्टचा घेतला तर तो मंद लागतो किंवा लागतच नाही. एका ट्रॉलीला प्रत्येक बाजूला तीन, असे दोन ट्रॉल्यांना बारा दिवे धरले तरी सगळ्यांचा मिळून भार जुन्या एका हेडलाइट बल्बपेक्षा कमी होतो. तो बल्ब ५५-६० वॅटचा असतो, एलईडीचे बारा मिळून त्याच्या निम्म्यातही बसतात. बॅटरी उतरते म्हणून दिवे बंद ठेवतो, हे कारण एलईडीला लागू होत नाही.

टिकवण्यासाठी जागा महत्त्वाची. दिवा फळीवर लावण्यापेक्षा खाली सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर लावला आणि त्याच्याभोवती चॅनेलचा तुकडा वेल्डिंग केला, तर मोळी आणि साखळी त्याला लागत नाही, वरून ऊस लोंबला तरी तो झाकला जात नाही. उद्यमनगरात किंवा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. वायर उघडी न सोडता पाइपमधून न्यायची. अर्थिंग जोडणीच्या पिनेवर सोडायचं नाही. तिथं गंज आणि ग्रीस असतं, त्यामुळं दिवे मिणमिणतात आणि चालकाला वाटतं की दिवाच खराब झाला. अर्थिंगची वेगळी वायर टाकली की बऱ्याचदा नवा दिवा घ्यायचीही गरज पडत नाही.

ट्रॅक्टरच्या पेटीत पान्याबरोबर दोन जादा दिवे, थोडी वायर आणि एक फडकं ठेवलं तर बाकीचं काम पाच मिनिटांचं. खेप भरल्यावर वायर जोडायची, फडक्यानं दिवे आणि पट्ट्या पुसायच्या, मागं उसाच्या टोकाला चकाकणारं कापड बांधायचं. सगळे दिवे चालू करून मोबाइलवर एक फोटो काढला तर तो पुढं कधी पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो. पंक्चर झालं आणि ट्रॉली रस्त्यावर उभी करावी लागली, तर दिवे चालूच ठेवायचे. मागं ठेवलेले दगड जाताना उचलून बाजूला टाकायचे; तेच दगड पुढं दुचाकीवाल्याला पाडतात.

बैलगाडी आणि अंगदवाल्यांनाही हे लागू आहे. बैलगाडीला बॅटरी नसते. पण चाकाच्या वर दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी आणि मागं सेलवर चालणारा लाल दिवा, एवढं जमतं.

चारचाकीवाल्यांचाही यात भाग आहे. फेंडरवरचा किंवा आरशावरचा साइड इंडिकेटर घासून फुटला की बरेच जण तो टेप लावून तसाच चालवतात. शेजारून ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीला गाडी वळणार आहे हे त्या दिव्यावरूनच कळतं. बदलताना पिवळ्या रंगाचाच आणि त्याच मॉडेलचा घ्यावा. पांढरा, निळा लावून काही साधत नाही.

हंगामभर काम करणारी व्यवस्था

सुरुवातीला एकदा पट्टी लावून हंगाम भागणार नाही, कारण मोडतोड रोजची आहे. मग दुरुस्तीही रोजची पाहिजे, जशी पंक्चरची असते. टायर पंक्चर झाला तर कोणी "उद्या बघू" म्हणत नाही, कारण गाडीच चालत नाही. दिव्याविना गाडी चालते, म्हणून तो राहतो.

हे बदलायची जागा कारखान्याचं यार्ड आहे. तिथं प्रत्येक गाडी येते, नंबर लागतो, काही तास थांबते. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेची नोंद होते. नंबर देतानाच दोन्ही ट्रॉल्यांची वायर जोडलेली आहे का, बाजूचे आणि मागचे दिवे लागतात का, एवढं बघायला एक माणूस पुरतो. यार्डातच एक वायरमन आणि दिव्यांची पेटी ठेवली तर गाडी रांगेत असतानाच दिवा बदलून होतो, खेप चुकत नाही. डिझेल आणि उचल जशी वाहतुकीच्या बिलातून कापली जाते, तसे दिव्याचे शंभर-दीडशे रुपयेही कापता येतील. परत निघालेल्या रिकाम्या ट्रॉलीचीही तपासणी बाहेरच्या गेटवर झाली पाहिजे.

दुसरी जागा करार. हंगामाआधी वाहतूकदारांशी जो करार होतो, त्यात फुटलेला दिवा बदलण्याची जबाबदारी कोणाची आणि किती तासांत, हे एका ओळीत लिहिलं तर बोट दाखवण्याचा खेळ थांबतो.

तिसरी जागा सभासदांची. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत दर, उतारा, काटा यांवर प्रश्न विचारले जातात. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी दराची मागणी ठरते आणि दरासाठी उसाची वाहनं अडवण्याची ताकद या जिल्ह्यानं अनेकदा दाखवली आहे. त्याच सभेत, त्याच परिषदेत एक मागणी आणखी घालायला काहीच हरकत नाही : यार्डातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचे दिवे चालू पाहिजेत.

तोपर्यंत ज्याच्या फडात आज टोळी आहे, त्या शेतकऱ्याच्या हातातही थोडं आहे. ट्रॉली पाणंदीतून बाहेर पडताना घरातला एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा राहिला आणि शेवटची ट्रॉली वळेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्यांना त्यानं इशारा दिला, तर त्या १५-१६ सेकंदांचा धोका टळतो. आणि ट्रॉली फडातून हलायच्या आधी चालकाला एकच प्रश्न विचारायचा : मागच्या ट्रॉलीची वायर जोडली का?